पूर्णाकाठचे भोई

मासेमारी म्हटली की कोणाच्याही दृष्टीसमोर कोकणचा किनारा उभा राहतो. औंढा नागनाथ परिसरातील आपल्या कित्येक ज्ञातिबांधवांनी समुद्र पाहिलेलाही नसेल. तथापि आपल्या पिढ्या पाण्यावरच जगल्या. पालखी वाहणे, प्रवाशांना नदी उतरविणे आणि जाळे टाकणे ही भोयांची तीन परंपरागत कामे होत. पहिले मोटारीने नेले, दुसरे पुलांनी नेले. तिसरे धरणांनी पार पालटून टाकले.

पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीस मिळते. पावसाळ्याचे गढूळ पाणी आले की मासे विणीसाठी प्रवाहाविरुद्ध चढू लागत. कोणत्या नक्षत्रात जाळे कोठे टाकावे, कोणत्या डोहात मरळ आपल्या पिलांची राखण करीत असते, हे वडीलधाऱ्यांस मुखोद्गत असे. १९६८ साली येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे पूर्ण झाली. शेतीस पाणी मिळाले, हा लाभ लहान नव्हे. परंतु चढणीच्या माशांची वाट भिंतीने अडली, आणि ओळखीचे डोह जलाशयाच्या तळाशी गेले.

रोहू, कटला हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. म्हणून जलाशयात मत्स्यबीज सोडावे लागते. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी अंतःस्राव टोचून अशा माशांची वीण घडवून आणली, तेव्हापासून बीजनिर्मितीचा मार्ग खुला झाला. पूर्वी नदी जे फुकट देई, त्यास आता भांडवल लागते, ठेका लागतो, आणि ठेक्यासाठी कागद लागतो.

कागदाच्या बाबतीत आमच्याही हातून अपराध घडला आहे. शाळेच्या दाखल नोंदणीत पालकाच्या धंद्याचा रकाना असे. मूल सांगे, "बाबा मासे धरतात." आम्ही मात्र, तेच अधिक शोभेल अशा समजुतीने, 'मजुरी' असे लिहीत असू. आपल्याच ज्ञातीचा व्यवसाय आपल्याच लेखणीने आम्ही पुसला. आज जुना पुरावा शोधताना ती नोंद डोळ्यांत सलते.

म्हणून समाजातील तरुणांस आमची विनंती आहे की, घरातील वृद्धांपाशी बसावे. बुडालेल्या डोहांची नावे, जाळ्यांचे प्रकार, उताराच्या जागा लिहून घ्याव्यात. पाणी ओसरले तरी काठावर खूण राहते. आपली खूण आपणच राखली पाहिजे.