लहान केलेली चित्रे

भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल यांची समाधी आहे. आगगाडी बदलण्यापुरतेच भुसावळ ज्यांनी पाहिले, त्यांस तिची वार्ता नसावी यात नवल नाही. मद्रास सैन्यातील या अधिकाऱ्यास १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यास नेमिले. त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे त्या कामी वेचली. मोठमोठ्या पटांवर तैलरंगांत केलेल्या त्या प्रतिकृती लंडनला रवाना झाल्या, सिडनहॅमच्या स्फटिकगृहात मांडल्या गेल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरात तेथे लागलेल्या आगीत बहुतेक सर्व भस्म झाल्या.

मात्र आगीच्या दहा वर्षे आधी, १८५६ साली, मिसेस स्पीअर यांच्या प्राचीन हिंदुस्थानावरील पुस्तकात गिलच्या काही चित्रांवरून केलेले लहानसे काष्ठठसे छापले गेले होते. त्यांत रंग नव्हता, छायाप्रकाशाचा नाजूकपणाही नव्हता. तरी पुष्कळ पटांची राख झाल्यावर जगाजवळ उरले ते हेच ठसे. पानात मावावीत म्हणून केलेली ही काटछाट अशी उपकारक ठरली.

याच जळगाव-धुळ्याकडील मुले-मुली आज बँकांच्या नोकरभरतीचे अर्ज भरताना तीच काटछाट करीत असतात. छायाचित्र वीस ते पन्नास किलोबाइट, सही दहा ते वीस, अशी तेथे मर्यादा असते. मोबाइलने काढलेले चित्र तर कित्येक हजार किलोबाइटांचे! मग नाक्यावरच्या दुकानदारास दहा-वीस रुपये देऊन ते 'कमी करून' घेतात. कमी काय होते, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

दोन निरनिराळ्या गोष्टी कमी होतात. पहिली, ठिपके. चार हजार गुणिले तीन हजार ठिपक्यांचे चित्र दोन्ही बाजूंनी निम्मे केले की ठिपके एक-चतुर्थांश उरतात. बँकेस दोनशे गुणिले दोनशे तीस, म्हणजे अवघे शेहेचाळीस हजार ठिपके हवे असतात. प्रत्येकास तीन बाइट धरले तरी एकशे अडतीस किलोबाइट होतात. म्हणजे आकार नेमका करूनही मर्यादा ओलांडलेलीच. येथे दुसरी युक्ती कामी येते. १९९२ साली प्रमाण ठरलेल्या जेपेग पद्धतीत चित्राचे आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येकातील सूक्ष्म चढउतार गाळले जातात, आणि रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा अधिक सढळ हाताने टाकिला जातो. कारण डोळ्यास उजेडातील भेद चटकन दिसतो, रंगातील तितकासा नाही. या गणिताचा पाया १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात आहे, आणि त्याच्या लेखकांत बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद हे अग्रणी होते.

चेहऱ्यास ही युक्ती सोसते, कारण कातडीवरील रंग हळूहळू पालटतात. अक्षरास मात्र ती सोसत नाही. शिरोरेषा आधी ओढून, बोरू फारसा न उचलता लिहिलेल्या मोडी ओळीत काळ्या-पांढऱ्याची सीमा तीव्र असते. चौकोन फार पिळले की तिच्याभोवती धुरकट कडा उमटतात आणि अनुस्वाराचा ठिपका त्यांत बुडतो. राजवाड्यांच्या नावाने १९२७ साली धुळ्यात संशोधन मंडळ निघाले. तसल्या दफ्तरांतील एखाद्या पत्रात 'आले' की 'आलें' हा वाद कधी एका ठिपक्यावर येऊन ठेपतो, हे मोडी वाचणाऱ्यास सांगावयास नको.

म्हणून दफ्तराचे चित्र काढताना मूळ प्रत टिफसारख्या, काहीही न गाळणाऱ्या प्रकारात ठेवावी आणि पाठवावयाची लहान प्रत दरवेळी तिच्यावरूनच करावी. लहान प्रतीवरून पुन्हा लहान प्रत केली, तर एकदा गाळलेले परत येत नाहीच, वर आणखी गाळले जाते. मंडळास चित्र पाठवू इच्छिणाऱ्या तरुणांस मी एवढेच सांगतो की, संदेशाच्या अ‍ॅपवरून धाडू नका. ते न विचारता चित्र पिळते.