मुंबईच्या नांवांत राहिलेलें पाणी

पायधुणीस आज पाय धुण्याजोगें पाणी नाहीं आणि उमरखाडींत खाडी उरलेली नाहीं. तरीहि हीं नांवें खोटीं नव्हेत. आज जें एक अखंड शहर दिसतें, तें मूळचें सात बेटांचें: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी आणि माहीम. भरतीचें पाणी त्यांच्यामध्यें शिरत असे. तें उथळ पाणी ओलांडून आलेला वाटसरू जेथें पाय धुई ती पायधुणी, अशी परंपरागत व्युत्पत्ति आहे.

पुढें समुद्राला बांध पडले. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकीर्दींत, १७८४ च्या सुमारास, महालक्ष्मी व वरळी यांच्यामधील खिंडार बुजलें. १८३८ मध्यें कुलाब्याचा आणि १८४५ मध्यें माहीम-वांद्र्याचा रस्ता झाला. नकाशावरून पाणी नाहींसें झालें, पण लोकांच्या बोलण्यांत तें राहिलें. शीव म्हणजे सीमा. तेथें मुंबईची हद्द संपे व पलीकडे साष्टी, म्हणजे सहासष्ट गांवांचा मुलूख, लागे. डोंगरी उंचवटा दाखविते, तर चिंचपोकळी चिंचांनीं भरलेली सखल जागा.

अर्थात् प्रत्येक व्युत्पत्ति विश्वासार्ह नसते. भेंडीबाजार हें नांव कोणी भेंडीच्या झाडांवरून आलें म्हणतात, तर कोणी ‘बिहाइंड द बझार’ या इंग्रजी शब्दांचा अपभ्रंश मानतात. अशा वेळीं गमतीदार कथेपेक्षां जुन्या नकाशांची साक्ष घेणें बरें.

हा केवळ विद्वानांचा विनोद नव्हे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी पात्राबाहेर आली आणि शीव, कुर्ला येथील सखल वस्त्या पाण्याखालीं गेल्या. बेटांमधील भरणीची जमीन अजूनहि सखलच आहे. पाणी कोठें जाऊं पाहील, हें जुनें नांव पुष्कळदां आधींच सांगून ठेवतें.

१६ एप्रिल १८५३ रोजीं पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली. तेथील स्थानकाचें नांव पुढें अनेकदां पालटलें, तरी बोरीबंदर हा शब्द टिकला, आणि त्याबरोबर तेथें एके काळीं बंदर होतें ही आठवणहि टिकली. थोर पुरुषांचीं नांवें गांवाला भूषणच होत. तीं नव्या रस्त्यांना अवश्य द्यावींत. मात्र उमरखाडीसारखें नांव पुसलें गेलें, तर त्या खाडीचा सामान्य माणसाजवळचा शेवटचा पुरावाहि त्याबरोबर जाईल.