लांब पल्ल्याची रायफल : हाइद ते मैवंद

१/ १८५७ म्हटले की काडतुसांमुळे गाजलेली एन्फिल्ड रायफल आठवते. त्याच वर्षी इंग्लंडमधील हाइद येथे तिची कसोटी लागली. प्रतिस्पर्धी होती जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रज्ञाची महागडी रायफल.

२/ एन्फिल्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता. व्हिटवर्थची नळी षट्कोनी, ०.४५१ इंचांची. एन्फिल्डच्या नळीतील पीळ ७८ इंचांत एक फेरा पूर्ण करी, व्हिटवर्थचा अवघ्या २० इंचांत. त्यामुळे लांबट गोळी हवेत स्थिर राही. ८०० यार्डांवर व्हिटवर्थच्या गोळ्या सरासरी सुमारे १ फूट ढळल्या, एन्फिल्डच्या ४ फुटांहून अधिक.

३/ तरीही लष्कराने ती नाकारली. किंमत फार होती आणि अरुंद नळीत दारूची काजळी लवकर साचे. नेमबाजांनी मात्र ती आपलीशी केली. १८६० मध्ये विम्बल्डनच्या स्पर्धेचा पहिला बार राणी व्हिक्टोरियाने व्हिटवर्थनेच काढला.

४/ पुढे १८७१ च्या मार्टिनी-हेन्रीने ०.४५० इंचांची नळी स्वीकारली. पण १८५७ नंतर हिंदी शिपायांना एक पिढी जुने शस्त्र देण्याचे धोरण होते. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानातील मैवंदच्या लढाईत गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या. त्याच फौजेतील बॉम्बे ग्रेनेडियर्सकडे मात्र ०.५७७ इंची स्नायडर, म्हणजे एन्फिल्डचीच मागून भरायची आवृत्ती.

५/ स्पर्धेच्या मैदानावर रायफल अचूकतेवर जोखली जाई. साम्राज्यात ती कोणाच्या हाती द्यायची, हे विश्वासावर ठरे. आणि त्या अविश्वासाची किंमत शिपाई रणात मोजत.