गाडीची धाव ते पिकअपचा टायर



मागच्या महिन्यात पुनावळ्याच्या एका शेतकऱ्याने विचारले, "साहेब, पिकअपचे मागचे दोन टायर गोटा झालेत. रेडियल टाकू, नायलॉन टाकू, का रिमोल्ड करून घेऊ?" प्रश्न खताचा नव्हता, बियाण्याचा नव्हता, पण शेतीचाच होता. माल तयार होऊन बाजाराला पोचला नाही तर पिकवून उपयोग काय? त्याला तिथल्या तिथे उत्तर दिले, पण ते अपुरे वाटले. टायर आपल्याकडे कसा आला, हे थोडे माहीत असले की दुकानात काय विचारायचे ते आपोआप कळते. म्हणून या पत्रकात थोडा इतिहास सांगतो.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या गाडीला टायर नव्हता, धाव होती. सुताराने तुंबा, आरे आणि पुठ्ठे जोडून चाक उभे करायचे, आणि लोहाराने लोखंडी पट्टीची धाव जाळात तांबडी करून चाकावर बसवायची. वरून पाणी ओतले की धाव आकसते आणि सगळे लाकूड घट्ट आवळून धरते. उन्हाळ्यात लाकूड वाळले की धाव सैल पडायची, मग चाक पाण्यात भिजत ठेवायचे. मुळशी-मावळातल्या चिखलात ही अरुंद धाव रुतायची, आणि खडीच्या रस्त्यावर तीच धाव रस्ता कापत जायची. बैलाच्या मानेला जो हिसका बसायचा तो वेगळाच.

रबर ही वस्तू त्या वेळी जगाला माहीत होती, पण उपयोगाची नव्हती. उन्हात चिकट व्हायची आणि थंडीत कडक होऊन तडकायची. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना रबरात गंधक घालून तापवण्याची युक्ती सापडली. हो, तोच गंधक, जो तुम्ही द्राक्षाच्या भुरीवर वापरता! त्याने रबर टिकाऊ झाले. १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसन यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, पण ते मागे पडले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच कल्पना नव्याने शोधली. हे डनलॉप कोण होते माहीत आहे? जनावरांचे डॉक्टर. आमच्या पशुसंवर्धनवाल्या मित्रांना मी हे नेहमी सांगतो.

पहिले टायर काळे नव्हते, फिकट रंगाचे असत. पुढे रबरात काजळी मिसळू लागले, तेव्हा टायर काळा झाला आणि कितीतरी पट जास्त चालू लागला. रबराच्या आत सुती कापडाचे थर असत. त्या थरांना 'प्लाय' म्हणत. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

हिंदुस्थानात डनलॉप कंपनीचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमध्ये साहागंजला सुरू झाला. बैलगाडीला हवेचा टायर लावण्याचा प्रचारही त्याच काळातला. बैल तेच, पण ओझे जास्त आणि दमणूक कमी, असा अनुभव येऊ लागला. रस्ता वाचला हा सरकारचा फायदा. गावच्या लोहाराचे काम मात्र गेले, तेही इथे नोंदवले पाहिजे. बैलगाडीच्या सुधारणेसाठी पुढे बंगळूरच्या व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी अनेक वर्षे खटपट केली. आपल्याकडे टायरगाडी खरी रुळली ती साखर कारखान्यांमुळे. ऊसतोडीला आलेल्या मजुराला कारखाना टायरगाडी भाड्याने देतो, आणि बैल मजुराचे असतात. कासारसाईकडच्या संत तुकाराम कारखान्याच्या रस्त्याला या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील.

या गाडीच्या टायरवर ६.००-१९ किंवा ७.००-१९ असा आकडा आणि 'एडीव्ही' अशी अक्षरे असतात. म्हणजे जनावराने ओढायच्या गाडीचा टायर. तो बैलाच्या चालीसाठी बनवलेला आहे. मोटारीच्या वेगाला तो तापतो आणि फुटतो. स्वस्त मिळतो म्हणून पिकअपच्या मागे ओढायच्या ट्रॉलीला तो लावू नका.

आता मोटारीकडे येऊ. १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि जर्मनीच्या हॅम्बुर्गमधल्या टेम्पो कारखान्याची तीनचाकी गाडी आपल्याकडे बनू लागली. कंपनी पुढे आपल्या शेजारी आकुर्डीला आली. त्या गाडीने शेतमालाची वाहतूक इतकी बदलली की आपण आजही कुठल्याही छोट्या मालगाडीला 'टेम्पो' म्हणतो. कंपनीने २००५ मध्ये आपले नाव बदलून फोर्स केले, पण लोकांच्या तोंडचे नाव काही गेले नाही. 'स्टेपनी' हा शब्दही असाच. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेथली गावी स्टेपनी नावाच्या रस्त्यावर डेव्हीस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली. इंग्रज ते नाव विसरले, आपण अजून म्हणतो.

१९६९ ला मॅटाडोर आली, १९८६ ला टाटाची ४०७ आणि २००५ ला टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती'. आणि १९९७ मध्ये पुनावळे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. जिथे भात होता तिथे इमारती झाल्या. ज्यांची शेती राहिली ते, आणि मारुंजी, नेरे, जांब्याचे भाजीवाले, पहाटे पिकअप भरून पिंपरीच्या मंडईला, गुलटेकडीला, कुणी थेट वाशीला जातात. द्रुतगती मार्ग आपल्या शेजारी किवळ्यालाच सुरू होतो. २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला. सिमेंटचा रस्ता, सलग वेग, भर दुपारचे ऊन आणि गाडीत मापापेक्षा जास्त क्रेट. टायरची खरी परीक्षा इथे होते.

टायर मरतो तो बहुतेक वेळा उष्णतेने. फिरताना त्याची बाजू जमिनीजवळ दबते आणि वर गेली की सरळ होते, मिनिटाला शेकडो वेळा. दर वेळी आत थोडी उष्णता तयार होते. हवा कमी असेल किंवा ओझे जास्त असेल तर बाजू जास्त दबते, उष्णता वाढते आणि शेवटी थर सुटतात. म्हणून फुटलेल्या टायरचा दोष खिळ्यावर टाकण्याआधी हवा शेवटची कधी तपासली होती ते आठवा. हवा तपासायची ती सकाळी, टायर थंड असताना. तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसतो म्हणून हवा सोडणे ही मोठी चूक आहे.

आता रेडियल आणि नायलॉन. ज्याला आपण 'नायलॉन टायर' म्हणतो त्यात थर तिरके, एकमेकांना छेद देऊन घातलेले असतात. चालताना ते एकमेकांवर घासतात आणि तापतात. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये वेगळी रचना शोधली. त्यात थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वरच्या पट्ट्याखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. हा रेडियल. तो कमी तापतो, जास्त चालतो, डिझेलही थोडे वाचवतो. आपल्या देशात जेके कंपनीने १९७७ मध्ये तो बनवायला घेतला. सुरुवातीला लोक घाबरले, कारण रेडियलची बाजू थोडी फुगीर दिसते. हवा कमी आहे असे समजून लोकांनी ती जास्त भरली, आणि टायर मधोमध झिजला. ही चूक आजही होते.

पण रेडियल सगळीकडे चांगला असे मी म्हणणार नाही. त्याची बाजू मऊ असते. बांधावरून, दगडगोट्यातून, बांधकामाच्या राडारोड्यातून रोज गाडी घालणाऱ्याला बाजूचा काप महागात पडतो. तुमची गाडी मुख्यतः बाह्यवळण मार्गाने बाजाराला जात असेल तर रेडियल घ्या. खाणीच्या किंवा शेतातल्या वाटेवरच जास्त राबत असेल तर तिरक्या थरांचा टायर अजून कामाचा आहे. एका आसावर एक रेडियल आणि एक नायलॉन मात्र कधीही नको. दोघांची चाल वेगळी, गाडी ओल्या रस्त्यावर भरकटते. चिखलाची वाट असेल तर पुढे सरळ रेघांचा रिब आणि मागे जाड खाचांचा लग टायर जुना अनुभव सांगतो, आणि तो खरा आहे.

बाजूवरचे आकडे वाचायला शिका. ७.००आर१५ म्हणजे रुंदी सात इंच, रेडियल आणि रिम पंधरा इंची. छोट्या हत्तीचा १४५आर१२ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये आणि रिम इंचात. विचित्र आहे, पण तसेच आहे. ८ पीआर, १२ पीआर हे मघाच्या 'प्लाय'चे अवशेष. सुती कापडाच्या तितक्या थरांइतकी ताकद, असा त्याचा अर्थ. आत खरोखर तितके थर नसतात, त्यामुळे दुकानदाराने "बारा थर आहेत" म्हटले तर हसून सोडून द्या. त्याहून नेमका असतो तो भाराचा आकडा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. समजा मागच्या दोन टायरवर १०० लिहिले आहे, म्हणजे मागच्या आसाला १६०० किलो. त्यात गाडीचे स्वतःचे वजनही आले. ते मागे ७०० किलो धरले तर मालाला ९०० उरतात. वीस किलोचे साठ क्रेट १२०० किलो होतात, आणि त्यातले बहुतेक मागच्याच आसावर येतात. हिशेब तुम्हीच करा.

दुसरा आकडा तारखेचा. २००० सालापासून लांबोळक्या चौकटीत चार अंक असतात. १५२४ म्हणजे २०२४ सालचा पंधरावा आठवडा. मी स्वतः एकदा फसलो. एका दुकानात 'नवा' म्हणून घेतलेल्या टायरची तारीख घरी येऊन वाचली तर तो पाच वर्षांचा निघाला. चाललेला नव्हता, पण पडून पडून बाजूला बारीक तडे पडले होते. दुकानदाराने परत घेतला नाही. रबर पडून राहिले तरी म्हातारे होते, बियाण्यासारखेच. आपण पिशवीवरची तारीख बघतो ना, मग टायरवरचीही बघा, आणि आयएसआय खूणही.

रिमोल्डविषयी त्या शेतकऱ्याला मी सांगितले ते असे. आतले थर धड असतील, बाजूला काप आणि फुगा नसेल, आणि काम खात्रीच्या ठिकाणी होणार असेल तर मागच्या चाकाला चालेल, तेही जवळच्या फेऱ्यांसाठी. पुढच्या चाकाला नको. वाशीच्या फेरीला तर मुळीच नको. आणि गोटा होईपर्यंत थांबूच नका. खाचेत मध्ये मध्ये उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले म्हणजे १.६ मिलिमीटर उरले, कायद्याची हद्द तिथे संपते. २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर परिवहन खात्याने झिजलेल्या टायरच्या गाड्या प्रवेशालाच अडवल्या होत्या. पावसाळ्यात तर त्याआधीच बदला, कारण खाच उथळ झाली की पाणी बाहेर पडत नाही आणि ब्रेक दाबूनही गाडी घसरत राहते.

त्या शेतकऱ्याने शेवटी दोन रेडियल घेतले. जुन्यातला बरा टायर स्टेपनीला ठेवला, आणि दुसरा गोठ्याच्या दाराशी उलटा टाकून कोंबड्यांना पाणी प्यायला केला. त्यात पाणी साठून डास होतात, तेवढे दर दोन दिवसांनी ओतून टाकायला त्याला सांगितले आहे.