सोपाऱ्याच्या वाटेवरची यवन घराणी

भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी आज ओळखली जाते ती चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेशी (१७३९) निगडित असलेल्या नवसामुळे आणि तानसा नदीकाठच्या उष्णोदकाच्या कुंडांमुळे. परंतु या परिसराचा भूतकाळ मराठेशाहीपासून मोजणे अपुरे ठरते, कारण पश्चिमेस सोपारा आणि दक्षिणेस कल्याण ही अपरान्ताची, म्हणजे प्राचीन उत्तर कोकणाची, दोन मोठी बंदरे आणि पूर्वेस सह्याद्रीचे घाट यांच्यामधल्या पट्ट्यात हा प्रदेश येतो. या बंदरांमध्ये आणि घाटमाथ्यावरच्या पेठांमध्ये जी परदेशी माणसे वावरली, त्यांत ग्रीक वंशाचे लोकही होते. तत्कालीन लेखांत त्यांना ‘यवन’ किंवा ‘योनक’ म्हटले आहे, मात्र पुढे ही संज्ञा पश्चिमेकडून आलेल्या इतरांनाही लावली जाऊ लागली.

त्यांच्यापैकी काहींना येथवर आणणाऱ्या व्यापारात सोने होते, मात्र ते येथल्या खाणींतले नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हे ग्रीक भाषेतील नाविक मार्गदर्शक सोपारा आणि कल्याण या दोन्ही बंदरांचा उल्लेख करते आणि गुजरातमधील भडोच बंदरात रोमन साम्राज्यातील सोन्या-चांदीची नाणी आयात होऊन स्थानिक चलनाशी नफ्याने बदलली जात असल्याचे सांगते. त्याच शतकात प्लिनी हा रोमन लेखक भारत दरवर्षी साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून घेतो अशी तक्रार करतो. कल्याणची वाट मात्र निर्वेध राहिली नाही, कारण पेरिप्लसच्या वेळी तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात असत.

व्यापाराच्या या नोंदींमध्ये घराणी सापडत नाहीत. ती सापडतात दानलेखांमध्ये, आणि तीही क्वचितच. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजे पांडवलेण्यांतील, १७ व्या क्रमांकाच्या लेण्यातील प्राकृत लेख त्यामुळेच अमोल आहे. उत्तरेकडील दत्तामित्री नगराचा रहिवासी, योनक, धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने हे लेणे, आतील चैत्यगृह आणि पाण्याची टाकी आईवडिलांच्या निमित्ताने खोदवली आणि पुत्र धम्मरखित याच्यासह ती चारही दिशांच्या भिक्षुसंघाला अर्पण केली, असे तो लेख सांगतो. आजोबा, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्या, मूळ गाव आणि आईवडिलांविषयीची कृतज्ञता, एवढे सगळे एकाच दानलेखात एकत्र येते. दत्तामित्री म्हणजे डिमिट्रियस या ग्रीक राजाच्या नावाने वसलेले नगर असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर हे कुटुंब थेट भूमध्य समुद्राकडून आलेले नसून, वायव्येकडील ग्रीक वसाहतींमध्ये काही पिढ्या काढून दक्षिणेकडे सरकलेले ठरते, आणि त्याच्या स्थलांतराची वाट समुद्रापेक्षा जमिनीवर शोधणे अधिक योग्य होते.

या तिन्ही नावांपैकी एकही ग्रीक नाही, ही गोष्ट वंशशोधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात विदिशेजवळ बेसनगर येथे गरुडध्वज उभारणाऱ्या हेलिओडोरसचे स्वतःचे आणि त्याचा पिता डिऑन याचेही नाव त्या स्तंभावर ग्रीकच राहिले आहे. नाशिकच्या कुटुंबात मात्र आजोबाच धम्मदेव आहे, मुलाच्या नावात इंद्र आणि अग्नी हे वैदिक देव आहेत आणि नातवाचे नाव पुन्हा बौद्ध वळणाचे आहे. ‘योनक’ हे एक विशेषण दात्याने स्वतःहून कोरवून घेतले नसते, तर हे घराणे ग्रीक वंशाचे आहे हे कोणालाही कळले नसते, आणि अशी निनावी झालेली घराणी किती असतील याची कल्पनाच अभ्यासकाला अस्वस्थ करते. नावांच्या साम्यावर विसंबणेही तितकेच धोक्याचे आहे. सिंहली ‘महावंस’ ग्रंथानुसार अशोकाच्या काळात अपरान्तात धर्मप्रसारासाठी पाठवलेल्या यवन थेराचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूचे, नाव धम्मरक्खितच होते, पण त्याच्यात आणि इंद्राग्निदत्ताच्या मुलात काही शतकांचे अंतर असल्याने केवळ त्या नावावरून नाते जोडता येत नाही.

जुन्नरच्या लेण्यांत आडनावाच्या जवळ जाणारी एक खूण मिळते. तेथे इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी आणि चित नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला आहे, आणि दोघांच्याही नावापुढे ‘गतानं’, म्हणजे ‘गत लोकांपैकी’, असे षष्ठीचे रूप येते. काहींनी त्यात युरोपातील गॉथ लोक पाहिले आहेत, परंतु कुळाचे किंवा समूहाचे नाव म्हणून ते वाचणे अधिक सरळ वाटते, कारण दोन वेगळ्या दात्यांना जोडणारा तोच एक धागा त्या लेखांत आहे. जुन्नरचाच तिसरा यवन दाता चंद याच्याबरोबर असे कोणतेही समूहनाम येत नाही.

कार्ल्याच्या चैत्यगृहात तर यवनांनी दिलेले खांब एकाहून अधिक आहेत, आणि त्यांपैकी सिहधय, धम्म यांसारखे दाते धेनुकाकट या गावाचे रहिवासी म्हणून स्वतःची ओळख देतात. त्याच गावाचे इतर, यवन नसलेले दातेही त्याच खांबांच्या रांगेत आहेत. दूरचे मूळ नगर सांगणारा इंद्राग्निदत्त आणि बहुधा स्थानिक असलेल्या गावाचे नाव पुरेसे मानणारे हे कार्ल्याचे यवन यांच्यात स्थलांतराचे दोन वेगळे टप्पे दिसतात, आणि पहिल्या टप्प्यातील माणसाचेच कुळ आज तीन पिढ्यांपर्यंत लावता येते.