प्रश्नातला शब्द

परीक्षेच्या कागदावर दोन भाषा एकत्र नांदत असतात: एक विषयाची व दुसरी विचारण्याची. 'त्रिकोण', 'मोसमी वारे', 'तह' हे शब्द पहिल्या भाषेतले. 'विशद करा', 'भेद दाखवा', 'अनुमान काढा' हे दुसऱ्या भाषेतले. पहिली भाषा शिकविण्यास पुस्तक आहे, शिक्षक आहेत, फळा आहे. दुसरी मात्र मुलाला आपोआप येते असे गृहीत धरले जाते. ज्याच्या घरी ग्रंथांची मराठी कानावर पडते, त्याला ती येतेही. ज्याच्या घरी ती पडत नाही, तो मुलगा विषय जाणत असूनही मागे पडतो. ही स्थिती कशी उत्पन्न झाली, हे पाहण्याजोगे आहे.

पंतोजींच्या शाळेत ही अडचण फारशी नव्हती. पाढे, पावकी, निमकी मुखोद्गत म्हणून दाखविली आणि मोडीचा कित्ता वळणदार निघाला, की परीक्षा झाली. जेथे केवळ म्हणून दाखवावयाचे, तेथे प्रश्नाचा अर्थ लावण्याचे कारण पडत नाही. पुढे १८२२ साली मुंबईत शाळा व शाळापुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली आणि छापील पाठ्यपुस्तकांचे युग आले. जॉर्ज जर्व्हिस व त्यांचे साहाय्यक शास्त्री यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणली. त्यांना त्रैराशिक, वर्ग, घन, कर्ण असे शब्द भास्कराचार्यांच्या परंपरेतून आयतेच उपलब्ध होते. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. मेजर कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांवर पुस्तिका लिहिली. प्रश्नचिन्ह मराठी छपाईत रुळले ते त्यांच्या खटपटीमुळे. म्हणजे प्रश्नाची खूणसुद्धा आपल्या लेखनात दोन शतकांपेक्षा जुनी नव्हे!

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले व १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. तेथील कारभार इंग्रजीत होता. वर्णन करा, तुलना करा, कारण द्या या आज्ञा विद्यार्थ्यांना प्रथम परक्या भाषेत ऐकू आल्या. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ स्थापून उच्च शिक्षणाला मातृभाषेचे माध्यम दिले, तेव्हा शास्त्रीय संज्ञांइतकीच विचारण्याच्या भाषेचीही गरज उत्पन्न झाली. तिला शब्द मिळाले ते बहुधा संस्कृतातले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय निघाले व त्याने पुढे अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले. या सर्व उद्योगाचा भर विषयांच्या संज्ञांवर राहिला. 'विशद' आणि 'विवेचन' यांतला भेद शिकविणे ज्याच्या त्याच्या शाळेवर राहिले. हा प्रश्न केवळ मराठीचा आहे असेही नव्हे. न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली इंग्रजी विद्याग्रंथांत सर्व विषयांना समान असणाऱ्या ५७० शब्दकुलांची यादी प्रसिद्ध केली, ती याच गरजेतून.

सोलापुरासारख्या नगरात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. येथे विणकरांच्या कित्येक घरांत तेलुगू, शेजारी कानडी, पलीकडे उर्दू बोलली जाते. अशा घरातल्या मुलाला बाजारातली मराठी उत्तम येते. पण बाजारात कोणी कोणाला 'सोदाहरण स्पष्ट करा' म्हणत नाही.

यावर उपाय शब्दार्थांची यादी पाठ करविणे हा नव्हे. शब्दाने सांगितलेले काम मुलाकडून करवून घेतले पाहिजे. त्यासाठी साहित्य गावातलेच पुरते. मोहोळ तालुक्यात, पुणे रस्त्यालगत चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. 'वर्णन करा' म्हटले, तर तेथे काय दिसते ते सांगावयाचे: रस्ते, कारखाने, मालाच्या गाड्या. 'कारणे द्या' म्हटले, तर दिसते ते पुरत नाही. हमरस्ता, मोकळी जमीन, शहरातले कामगार यांचा संबंध जोडून दाखवावा लागतो. 'तुलना करा' म्हटले, तर दुसरी बाजू हवी. सोलापुरास १८६० साली आगगाडी आली आणि १८७४ साली कापडगिरणीची कंपनी निघाली. त्या गिरणीत एकाच आवारात सूत व कापड निघे, तर वसाहतीत निरनिराळ्या मालाचे स्वतंत्र कारखाने आहेत. साम्य व भेद दोन्ही मांडले, म्हणजे तुलना झाली. माहिती तीच, परंतु शब्द बदलताच उत्तराचा घाट बदलतो, हे एकदा हाताखालून गेले म्हणजे मूल ते सहसा विसरत नाही. पुढे त्यालाच त्या माहितीवर तीन प्रश्न काढावयास सांगावे. प्रश्न काढणाऱ्यास प्रश्नाचे भय उरत नाही.

परीक्षा ज्ञानाची घ्यावयाची असेल, तर विचारण्याची भाषा आधी सर्वांच्या हाती द्यावयास हवी. एरव्ही गुण मिळतात ते मुलाच्या अभ्यासाला की त्याच्या घरच्या भाषेला, हे सांगणे कठीण होऊन बसते.