परगावी वाढलेल्यांचं गाणं

आज एका भांडणाचा इतिहास सांगतो. भांडण झालं एका अल्बमवरून, पण त्यातला प्रश्न आपल्याही घरात येतो.

१९८५ साली लंडनच्या ‘द पोग्ज’ या बँडचा दुसरा अल्बम आला: ‘रम, सॉडमी अँड द लॅश’. बँजो, अकॉर्डियन आणि टिनची बासरी घेऊन आयरिश लोकसंगीत वाजवायचं, पण वेग आणि आवेश पंक संगीताचा. मुख्य गायक शेन मॅकगोवन याचे आईवडील आयरिश, जन्म मात्र इंग्लंडमधल्या केंटचा. बँडमधले काही जण तर आयरिश नव्हतेच.

तो काळ लक्षात घ्या. नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्बस्फोट होऊन २१ माणसं मेली. लगेच दहशतवादविरोधी कायदा आला आणि ब्रिटनमधल्या साध्या आयरिश माणसाकडेही संशयाने पाहिलं जाऊ लागलं. चारचौघांत आपले उच्चार ऐकू येऊ नयेत, असं अनेकांना वाटे. अशा घरांत वाढलेल्या मुलांना हा अल्बम आपला वाटला. आजीची गाणी कोणीतरी मान वर करून, मोठ्याने गात होतं.

ब्रिटिश संगीत साप्ताहिकांनीही कौतुक केलं. विरोध झाला तो मायदेशातून. नामवंत काँसर्टिनावादक नोएल हिल यांनी आयरिश रेडिओवर या संगीतावर कडक टीका केली. परंपरेची ही विटंबना आहे, असं मानणारे ते एकटे नव्हते. दारुड्या आयरिश माणसाचं जे चित्र इंग्रजांनी रंगवलं, तेच ही मंडळी मिरवतात, असाही आक्षेप होता. मॅकगोवनचं पिणं पाहता तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. बँडने उत्तर दिलं ते वाजवून. १९८६ मध्ये त्यांनी एक धून काढली आणि तिला नाव दिलं ‘प्लॅन्क्स्टी नोएल हिल’. ‘प्लॅन्क्स्टी’ म्हणजे एखाद्याच्या सन्मानार्थ रचलेली धून!

मी फौजी माणूस, त्यामुळे मी थांबतो ते अल्बमच्या शेवटच्या गाण्यापाशी. ते गाणं मुळात आयरिश नाही. स्कॉटलंडहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या एरिक बोगल यांनी ते १९७१ मध्ये लिहिलं. विषय १९१५ ची गॅलिपोलीची मोहीम आणि तिथे दोन्ही पाय गमावलेला एक सैनिक. त्या किनाऱ्यावर डब्लिन आणि मन्स्टर फ्युझिलिअर्सचे आयरिश जवान पडले, शीख आणि गुरखाही पडले. आपले मराठे त्याच वर्षी, त्याच तुर्की सैन्याशी मेसोपोटेमियात लढत होते. इंग्रजांच्या गणवेशात मेलेल्या आयरिश जवानांची आठवण स्वतंत्र आयर्लंडने कित्येक वर्षं काढली नाही. शुद्धतेच्या हिशेबात ते बसत नव्हते. पोग्जने मात्र ते दुःख आपलं मानून गायलं. फाटक्या आवाजात गायलं, पण खोटं वाटत नाही. जखमी जवानाचा आवाज तरी कुठे सुरेल असतो?

पुढे काय झालं? १९८७ मध्ये ‘द डब्लिनर्स’ या ज्येष्ठ लोकगायकांनी पोग्जसोबत गाणं केलं आणि ते ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर गेलं. २०१८ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी मॅकगोवनला जीवनगौरव पुरस्कार दिला. २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या अंत्ययात्रेला डब्लिनचे रस्ते माणसांनी भरले होते.

टीकाकार मूर्ख नव्हते. परंपरा जपणारे नसते, तर या मुलांना मोडायला-जोडायला काही उरलंच नसतं. त्यांचं चुकलं एवढंच, की ही मुलं घर सोडून चालली आहेत असं त्यांना वाटलं. ती तर परत येत होती.

इंदूर, बडोदा, बेंगळुरू, कोलकाता, कुठूनही ऐकणाऱ्या मंडळींना म्हणून एक विनंती. यंदा गणेशोत्सवात तुमच्या मंडळातल्या पोरांनी गिटार घेऊन, ‘ळ’चा ‘ल’ करत पोवाडा म्हटला, तर उच्चार नंतर सुधारा. आधी तो शेवटपर्यंत ऐका.